अठराव्या वर्षीचा चेहरा

४ जून

डायरी लिहायची मला सवय नाही, केसपेपर लिहायची आहे. पण केसपेपरावर ‘आज डॉक्टर फार खूश आहेत’ असं लिहिता येत नाही, म्हणून ही वही काढली.

आज आमच्या प्रोग्रॅमने पहिल्यांदा अचूक सांगितलं. ‘भविष्य सांगितलं’ म्हटलं की आकडेमोडे चिडतो. हा आमच्या दंतविभागात संगणकाचं काम बघतो. खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलंय. त्याच्या मते तो अंदाज आहे, आणि अंदाज न् भविष्य यांच्यात डॉक्टर आणि बुवा यांच्याइतका फरक आहे. असो. आमच्याकडे जुन्या एक्स-रेंची एक खोली भरलेली आहे. लहान मुलांच्या डोक्याचे बाजूने काढलेले एक्स-रे, त्याच मुलांचे दरवर्षी, सात-आठ वर्षांपासून अठरापर्यंत. त्यांवर खुणा करण्यात आम्ही दोघांनी डोळे फोडून घेतले. नाकाचं मूळ, कानाचं भोक, जबड्याचा कोन, हनुवटीचं टोक. आता आठ वर्षांच्या मुलाचा एकच एक्स-रे दाखवला की प्रोग्रॅम त्याच्या अठराव्या वर्षीच्या चेहऱ्याची रेषा काढतो. कपाळापासून गळ्यापर्यंत, एका बाजूने. आज एका जुन्या मुलावर करून पाहिलं. रेषा खऱ्या चेहऱ्यावर जाऊन अशी बसली की आकडेमोडेने मला मिठी मारली. तो मिठी मारणाऱ्यांतला नाही.

सोळा-सतरा वर्षांच्या मुली येतात, खालचा जबडा पुढे आलेला. आता हाड कापण्याशिवाय इलाज नाही असं सांगावं लागतं. आया विचारतात, “डॉक्टर, आधी कळलं नसतं का?” आजवर मी मान खाली घालत आलो. आता घालायला नको.

घरी सांगितलं तर खारूताई लगेच म्हणाली, “बाबा, माझा पण काढ.” खारूताई म्हणजे आमची मुलगी. समोरचे दोन मोठे दात आले तेव्हा मीच ठेवलेलं नाव.

“तिचा कशाला?” ही, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

“आपल्या घरात सोनार असता तर कान टोचलेच असते ना?” मी म्हणालो. हिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

९ जून, रविवार

काढला. विभागात चिटपाखरू नव्हतं. एक्स-रेवाल्या बाईंची सुट्टी, त्यामुळे मशीन मीच चालवलं. कानांत दोन बोंडं आणि नाकाच्या मुळाशी एक टेकू, असं डोकं पकडतात. इतर मुलं भोकाड पसरतात. आमची बया ऐटीत बसली. शिशाचा जड एप्रन घातल्यावर म्हणाली, “मी आता राणी.” मी म्हटलं, “राणीसाहेब, फोटो काढायचाय, हलू नका.” घरचंच कार्य, सगळे सोपस्कार टाळले. पाच मिनिटांत बाहेर.

१० जून

लाल.

खुणा तीनदा पुसून नव्याने ठेवल्या. तिन्ही वेळा लाल. लाल म्हणजे खालचा जबडा वाढत वाढत वरच्याच्या पुढे जाणार, खालचे दात वरच्यांच्या बाहेर बसणार, हनुवटी पुढे येणार. आकडेमोडे मागे उभा होता. चहा आणायला गेला, आणि त्याला चहा आवडत नाही.

 तिचे समोरचे नवे दात एकमेकांच्या टोकावर येताहेत हे मी महिनाभर जेवताना पाहतोय, आणि स्वतःला सांगतोय की बसतील जागेवर. हा हिच्या माहेरचा जबडा. हिच्या वडिलांचा, मग हिचा. रेषा पाहताक्षणी मी ओळखला. हिच्यात तो मला कधी खटकला नाही, हे इथे लिहून ठेवतो. लग्नाआधी पहिल्यांदा भेटलो तेव्हाच ठरवलं होतं की याकडे बघायचं नाही, आणि खरंच कधी बघितलं नाही. पण पोरीने का सोसावं? बाप याच विषयातला असताना?

१२ जून

हिला सांगितलं. भाजी चिरत होती.

“म्हणजे माझ्यासारखी होईल,” ही म्हणाली.

“थोडीफार.”

“आणि ते होऊ द्यायचं नाही.”

“आत्ता उपाय केला तर टळेल. हेच तर वय आहे.”

तिने सुरी धुऊन जागेवर ठेवली. भाजी अर्धीच चिरलेली होती. मग आतल्या खोलीत जाऊन पडली. फार शांतपणे घेतलं हिने. मला वाटलं होतं रडारड होईल.

२२ जून

मास्क आणला. कपाळावर एक गादी, हनुवटीवर एक, मधे दांडी, आणि दांडीपासून वरच्या दातांपर्यंत रबरं. वरचा जबडा पुढे ओढायचा, खालच्याला मागे रेटायचं. शाळेतून आल्यापासून दुसऱ्या दिवशी शाळेत जाईपर्यंत. हिने पाहताच त्याला लगाम म्हटलं.

खारूताईने हैदोस घातला. दांडी फेकली, दार लावून घेतलं. धाक घालणारा बाप मी नाही, समजावून सांगणारा आहे. छापून आणलेलं चित्र तिच्यासमोर धरलं. म्हटलं, हा तुझा अठराव्या वर्षीचा चेहरा, मास्क घातला नाहीस तर.

बराच वेळ बघत होती. म्हणाली, “ही तर आई आहे.”

“म्हणून तर,” मी म्हणालो.

तिने हिच्याकडे पाहिलं. ही पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मग पुन्हा चित्राकडे पाहिलं आणि फेकलेला मास्क स्वतः उचलून मला म्हणाली, “लाव.” आठ वर्षांची पोर, पण समज किती. ही घड्या घालतच राहिली, घातलेल्या मोडून पुन्हा.

१४ जुलै

दात सुधारताहेत. वरचे समोरचे दात खालच्यांच्या पुढे आले, डब्यावर झाकण बसावं तसे. इतक्या लवकर? पुस्तकात असं नाही. आनंद व्हायला हवा होता, पण भीती वाटते. हे नुसते दात कललेले असणार. हाड दबा धरून बसलंय, आणि वाढीचं वय आलं की उसळणार. मास्कचे तास वाढवले. खारूताईने हूं की चूं केलं नाही. उलट रविवारी दिवसभर घालून बसली. मी काढायला गेलो तर म्हणाली, “राहू दे.”

हल्ली जेवायला माझ्या शेजारी बसते. पूर्वी हिच्या समोर बसायची आणि दोघींचं बिनआवाजाचं बोलणं चालायचं. ही कर्णबधिर मुलांना शिकवते. मुलं हिचे ओठ बघून शब्द ओळखतात, म्हणून हिचं तोंड फार स्पष्ट चालतं. खारूताईही ते शिकली होती. माझ्यादेखत माझी टिंगल चालायची आणि मला पत्ता नसायचा. आता ते बंद. वेणीसुद्धा माझ्याकडून घालून घेते. माझी वेणी म्हणजे सुटलेली चऱ्हाटाची गाठ, तरी चालते. शेवटी पोरगी बापाची झाली.

३ ऑगस्ट

शाळेतल्या पालकसभेला मी जावं असा खारूताईचा हट्ट. “आईला वेळ नसतो,” म्हणाली. ही तिथेच बसली होती, रजेवर.  मी रुग्णांच्या वेळा पुढे ढकलून गेलो.

तिच्या बाई म्हणाल्या, हल्ली हसत नाही, हनुवटी गळ्यात घालून बसते, मान दुखते म्हणते. मास्कचा परिणाम असेल. मान थोडी सैल सोड, असं मी तिला रोज सांगतो. सोडत नाही.

१९ ऑगस्ट

शाळांमधली मुलं प्रोग्रॅमवर तपासून घ्यायला येऊ लागलीत. लाल, हिरवी, पिवळी. मोठे सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, आकडे ऐकून खूश आहेत. मी नाही.

आज एक बाई परत आली. गेल्या महिन्यात तिच्या मुलीचं लाल निघालं होतं. वाटलं मास्कबद्दल विचारायला आली असेल. म्हणाली, “डॉक्टर, मी सकाळी तिला उठवायला जाते, तर मला ती दिसतच नाही. तुमची ती रेषा दिसते. हे कसं घालवायचं?”

मी म्हटलं, होईल सवय. ती गेल्यावर दार बंद करून बसलो. मलाही तेच होतं. खारूताई दूध पिते, बूट घालते, आणि मी तिच्या गालाच्या कडेने नजर फिरवत असतो. तिचा चेहरा पाहून किती दिवस झाले ते सांगता येणार नाही. आधी कळलं म्हणजे वाचलो, असं मला वाटत होतं. आधी कळलं म्हणजे आधीपासून रडायचं, एवढंच झालंय.

११ सप्टेंबर

हिच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. अवघडल्या होत्या. “बाई हल्ली तोंडावर हात धरून शिकवतात. मुलांना काही कळत नाही. एक मुलगी तर जाऊन त्यांचा हात बाजूला करत होती. घरी काही झालंय का?”

काही झालेलं नाही, असं सांगितलं. दाढ दुखत असणार. दुखणं अंगावर काढायची हिची खोड जुनीच. घरी आल्यावर म्हटलं, “आ कर, बघू.” हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी आरसा खिशात ठेवला.

“दाढ नाही दुखत,” एवढंच म्हणाली.

१८ ऑक्टोबर

आज वार्षिक सभा. बाहेरगावचे डॉक्टर, आपापल्या घरच्यांसह. माझं भाषण शेवटचं. गोषवारा, तक्ते, आणि मग खारूताई. नाव न सांगता, आठ वर्षांची मुलगी म्हणून. पडद्यावर आधी एक्स-रे, मग त्यावर हळूहळू सरकत जाणारी रेषा, नऊ, बारा, पंधरा, अठरा. अख्खा पडदा भरून तो चेहरा. मग आजचे दात, सुधारलेले. टाळ्या पडल्या.

प्रश्नांच्या वेळी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, “आनुवंशिकतेचा काही पुरावा?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “पुरावा तिसऱ्या रांगेत बसलाय, सर.”

सगळं सभागृह हसलं. माना वळल्या. हीसुद्धा हसली, ओठ मिटून. मोठे सर पाठ थोपटत म्हणाले, शाळांत वाटायच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर हेच चित्र घालू. चहाला ही दिसली नाही. डोकं दुखत होतं म्हणून रिक्षाने घरी आली होती.

मघापासून तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतोय. विनोद वाईट नव्हता. 

२३ ऑक्टोबर

ही बोलत नाही. म्हणजे ‘दूध संपलंय’ वगैरे बोलते. मी माफी मागितली. कशाची, असं हिने विचारलं. 

१६ नोव्हेंबर

घरात तीन माणसं आणि तिघंही तोंड मिटून. दंतवैद्याचं घर शोभतंय. सकाळी एकेकजण न्हाणीघरातल्या आरशासमोर वेळ काढतो आणि बाहेर येऊन दुसऱ्याला वाट देतो.

कामात जीव नाही. आकडेमोडे म्हणतो, रजा घे. रजा घेऊन कुठे बसू? घरी?

१२ डिसेंबर

आज जे झालं ते सरळ लिहितो.

सहा महिन्यांनंतरचा एक्स-रे काढायला खारूताईला विभागात नेलं. आज एक्स-रेवाल्या बाई होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे मला हाक मारली. कुठल्याही मुलाला मशीनमध्ये बसवायच्या आधी मी अंगठ्याने हनुवटी धरून जबडा सैल करतो, मागे टेकवतो, आणि मागच्या दाढा जिथे आपणहून भेटतात ते बघतो. पुष्कळ मुलांना जबडा पुढे सरकवून चावायची सवय असते. तसा एक्स-रे काढला तर सवयीचा निघतो, हाडाचा नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही मी हे आधी शिकवतो.

अंगठा तिच्या हनुवटीवर ठेवला आणि हात तिथेच थबकला. जूनमध्ये मी हे केलंच नव्हतं. स्वतःच्या मुलीची हनुवटी काय तपासायची, रोज तर बघतो.

बाईंनी तिला आवंढा गिळायला लावला, ओठ सैल सोडायला लावले. फोटो निघाला. खुणा ठेवल्या. हिरवा. अगदी हिरवा. वाटलं, मास्कने केलं! पण दोन्ही एक्स-रेंत जबड्याची लांबी वयाला साजेशीच आहे. जूनमध्ये जेवढी हवी होती तेवढी, आज जेवढी हवी तेवढी. हाडात काही नव्हतंच. जूनमध्ये जबडा नुसता पुढे सरकवलेला होता. दात सुधारले कारण तिने सरकवणं थांबवलं.

तिला जवळ घेऊन विचारलं, “पहिल्यांदा फोटो काढला तेव्हा तू तोंड कसं केलं होतंस गं?”

माझ्या कोटाचं बटण फिरवत बसली. मग म्हणाली, “तू फोटो म्हणालास ना. म्हणून मी आईसारखी बसले.”

“आईसारखी?”

“मी तेव्हा नेहमीच तसं करायचे. आरशात पण. छान दिसायचं म्हणून.” आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, “आता नाही करत, बाबा. शपथ. कधीच नाही करणार.”

मला तिच्यासमोर रडू आलं. ती घाबरली. तिला वाटलं, मी अजून रागावलोय.

१३ डिसेंबर

आकडेमोडेला सांगितलं. पडद्याकडे बघत बसला. म्हणाला, “प्रोग्रॅमने फसवलं नाही. त्याला आई दाखवली, त्याने आई काढली.” मग म्हणाला, “हे मी बोलायला नको होतं.”

मोठे सर म्हणाले, एका केसने काही बिघडत नाही, पुस्तिका छापून झालीय.

हिला संध्याकाळी सांगितलं. मास्क काढून कपाटात टाकला आणि अगदी उत्साहाने म्हणालो, “पोरीचा जबडा ठणठणीत आहे! तुझ्यावर मुळीच गेलेला नाही.”

“बरं झालं,” ही म्हणाली.

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मग खारूताई मशीनमध्ये आईसारखी बसली होती, तेही सांगितलं. तिला छान दिसायचं होतं म्हणून, हे दोनदा सांगितलं. हिने खुर्चीची पाठ धरली. “कधी?” एवढंच विचारलं. “जूनमध्ये,” मी म्हणालो. “हां, जूनमध्ये,” म्हणाली आणि खाली बसली.

९ जानेवारी

आमच्या विभागातला सर्जन माझा कॉलेजपासूनचा मित्र. आज जिन्यात माझी नजर चुकवत होता. पकडलं. तेव्हा कळलं की ही नोव्हेंबरपासून त्याच्याकडे जातेय. खालचा जबडा दोन्हीकडून कापून मागे घ्यायचा. तपासण्या झाल्यात, तारीख घ्यायची बाकी.

“मला सांगितलं का नाहीस?”

“पेशंटने नको म्हटलं होतं,” तो म्हणाला.

घरी येऊन हिच्यासमोर बसलो. म्हटलं, “अगं, ऑपरेशनला काही दुखणं लागतं. तुला चावायला त्रास आहे? बोलायला?”

“बघायला आहे.”

“मला नाही.”

“तुला कोण विचारतंय?” रागाने नाही, अगदी दमून म्हणाली. “पोरगी माझ्याशी बोलताना माझ्या कपाळाकडे बघते. तुझ्या लक्षात आलंय?”

आलं नव्हतं. रात्रंदिवस तिच्या हनुवटीवर डोळा ठेवून होतो, आणि तिचे डोळे कुठे असतात ते बघितलं नव्हतं.

“खालचा ओठ बधिर होतो,” मी म्हणालो. “काही महिने, कधीकधी कायमचा. तुझी मुलं तुझे ओठ वाचतात.”

“आत्ता कुठे वाचू देते मी त्यांना?”

 

१३ जानेवारी

मी एक मूर्खपणा केला. खारूताईला बाजूला घेऊन समजावलं. आईला सांग, म्हटलं, की ती सुंदर दिसते. तिला बरं वाटेल.

ती शहाण्यासारखी गेली आणि हिच्यासमोर उभी राहिली. “आई, तू खूप छान दिसतेस. मला तुझ्यासारखं व्हायला आवडेल.” पाठ केलेलं, एका दमात.

हिने तिच्या गालावर हात ठेवला. “कुणी सांगितलं म्हणायला?”

“बाबांनी.”

“बरं. आता माझ्या तोंडाकडे बघून म्हण.”

खारूताईने प्रयत्न केला, खरंच केला. नजर कपाळावरून नाकापर्यंत उतरली. मग ओठ थरथरायला लागले आणि ती हमसून हमसून रडली, “मला नको ना व्हायचं तसं! नको ना!” ही तिला थोपटत म्हणत होती, “नाही होणार हं, नाही होणार.” मी दारात उभा होतो. 

चित्र खोटं होतं हे तिला सतरा वेळा सांगून झालंय. चित्र खोटं होतं, पण त्यातली बाई खरी आहे आणि समोर बसली आहे. ती भीती मी तिच्या तोंडात घातली. ती कशी काढायची ते मला शिकवलेलं नाही.

५ फेब्रुवारी

ऑपरेशनचं माप मला काढायला लावलंय. जबडा किती मागे घ्यायचा हे दात-जबडे सरळ करणारा डॉक्टर ठरवतो, आणि विभागात तो मीच. मी नाही म्हटलं, बाहेरून कुणालातरी बोलवा म्हटलं. ही म्हणाली, “तूच काढ. कशी हवी ते तुला ठाऊक आहे.”

टोमणा असता तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी

आज माप काढलं.

हिचा एक्स-रे पडद्यावर घेतला. सर्जन माझ्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला ही. शाळा सुटल्यावर खारूताई तिथेच आली होती, दाराजवळच्या बाकावर दप्तर घेऊन बसली होती. मी खुणा ठेवू लागलो. नाकाचं मूळ. कानाचं भोक. जबड्याचा कोन. हजारो वेळा केलेलं काम. जबड्याच्या खालच्या कडेला, कोनाच्या थोडं पुढे, हिच्या हाडाला एक हलकीशी खोलगट जागा आहे. तिथे माझं बोट किती वेळा टेकलं असेल, आणि ती आहे हे मला आज कळलं. आयुष्यात पहिल्यांदा मी हिचा जबडा पाहिला. पाहायचा नाही असं ठरवलेलं मोडून पाहिला. मला त्यात काही चुकीचं सापडेना. मी शोधत होतो, माझा धंदाच तो आहे, तरी सापडेना.

“किती?” सर्जनने विचारलं.

मी मुद्दाम कमी सांगितलं. वाटलं, जेवढा वाचेल तेवढा.

“पुस्तकात काय येतं?” हिने विचारलं. सर्जनने सांगितलं. “मग पुस्तकाप्रमाणेच घ्या,” ही म्हणाली.

मी आकडा बदलला. प्रोग्रॅमने रेषा काढली. ऑपरेशननंतरची बाजू, कपाळापासून गळ्यापर्यंत. नीटस, पुस्तकात शोभेल अशी. रस्त्यात दिसली असती तर मी वाट देऊन पुढे गेलो असतो. मला ओरडावंसं वाटत होतं, की हिला कुठे नेताय. 

हिने वळून हाक मारली, “ये गं इकडे. बघ.”

खारूताई बाकावरून उठली. खूप वेळ पडद्याकडे बघत राहिली. “ही तू?”

“हो.”

“खरंच अशी होणार? कधी?”

“लवकरच,” ही म्हणाली. “परीक्षेच्या आधी.”

खारूताईने दप्तर खाली ठेवलं आणि हिच्या मांडीवर चढून बसली. जूननंतर पहिल्यांदा. डोकं हिच्या खांद्यावर टाकलं, डोळे पडद्यावर. हिने तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मोकळं हसली, दात दिसतील असं, तोंडावर हात न धरता. पण खारूताई पडद्याकडे बघत होती, त्यामुळे तिला ते दिसलं नाही.

सर्जनने मापाचा कागद पुढे केला. मी हिच्याकडे पाहिलं. ही मुलीच्या केसांवरून हात फिरवत हळूच म्हणाली, “कर ना सही.”

मी सही केली.